काटापट्टीपासून गाठीपर्यंत: जिनिंगचा हिशेब क्लाउडवर कसा चढवावा

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, पैसा कुठे मुरतो, हे तीन ठिकाणी लिहिलेले असते. काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, प्रेसच्या वहीत गाठी, मुनीमजींच्या टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) शेतकऱ्यांचे चुकारे. ही तिन्ही खाती शेजारी ठेवली जातात ती मार्चनंतर, ऑडिटच्या वेळी. तोवर रुई विकलेली असते आणि सरकीही गेलेली असते. क्लाउड डेटा प्लॅटफॉर्मचा, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर डेटा ठेवून चाळण्याच्या सोयीचा, खरा फायदा एवढाच, की तिन्ही रोज रात्री एका जागी येतात आणि कापसाची गंजी (ढीग) अंगणात उभी असतानाच घट सापडते.

एकच काटा, एकच मुनीम आणि सगळा कापूस फाटकातूनच येणारा असेल, तर गूगल शीट पुरते. पुढची खटपट करू नका. मारेगाव, राळेगाव, पांढरकवडा अशी दोन-तीन खरेदी केंद्रे आणि कापूस एका जिनिंगला, असा कारभार असेल तरच याला अर्थ आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांची गत साधारण अशीच असते.

आधी काटापट्टी सुधारा

बहुतेकांचे काम इथेच फसते. १०० क्विंटल कापसातून ३४ क्विंटल रुई निघाली, तर १७० किलोच्या बरोबर २० गाठी होतात. उतारा (कापसामागे निघणाऱ्या रुईचा टक्का) ३३ वर आला की १०० क्विंटलमागे एक क्विंटल रुई कमी. हंगामात २०,००० क्विंटल घेणाऱ्याच्या हिशेबात हा एक टक्का म्हणजे सुमारे ११७ गाठी. पण कोणत्या केंद्राच्या कापसाने उतारा पाडला, ते सांगणार कसे? गंजीत सगळ्यांचा माल एक होतो. म्हणून उतारा कास्तकारागणिक निघत नाही, गंजीगणिक निघतो. काटापट्टीवर, म्हणजे काट्यावरच्या वजनाच्या पावतीवर, गंजी क्रमांकाचा रकाना नसेल, तर कितीही महाग प्लॅटफॉर्म घ्या, उत्तर मिळायचे नाही. शक्य तिथे एका केंद्राचा माल एकाच गंजीत टाका, आणि गाठी बांधताना तोच गंजी क्रमांक प्रेसच्या वहीत लिहा.

दुसरा रकाना ओलाव्याचा. १२ टक्के ओलाव्याने घेतलेला १०० क्विंटल कापूस ८ टक्क्यांपर्यंत वाळला, की हिशेबाने ९५.६५ क्विंटल उरतो. साडेचार क्विंटलच्या आसपासची ही घट चोरी नव्हे, पाणी आहे. ओलावा नोंदलेला नसला की तिचे खापर केंद्रावरच्या माणसावर फुटते.

काट्याच्या नोंदीत एवढे पुरे: केंद्राचा संकेत, हंगाम, पावती क्रमांक, तारीख-वेळ, गाडी नंबर, गाव, भरलेले वजन, रिकामे वजन, ओलावा, भाव, गंजी क्रमांक. गावाचे नाव हाताने टाइप करू देऊ नका. ‘बोरी’, ‘बोरी खु.’, ‘बोरी खुर्द’ ही यंत्राला तीन गावे आहेत. यादीतून निवडायला लावा.

जागा उघडताना

उदाहरणासाठी गूगलचे बिगक्वेरी हे क्लाउडवरचे डेटा कोठार घेऊ, कारण लहान कारभाराला ते फुकटात बसते: महिन्याला १० जीबी साठवण आणि प्रश्न विचारून १ टीबी इतका डेटा चाळणे मोफत. एका हंगामाच्या २५,००० पावत्या, पावतीमागे ३०० बाइट धरल्या, तरी साडेसात एमबी. साठवणीची मर्यादा तुमच्या हयातीत भरणार नाही.

डेटासेट (टेबले ठेवायचा कप्पा) बनवताना ठिकाण ‘मुंबई’ निवडा. काहीच निवडले नाही तर तो अमेरिकेत बनतो, आणि एकदा बनलेल्या डेटासेटचे ठिकाण बदलता येत नाही. नवा बनवून सगळे त्यात हलवावे लागते. कंपनी म्हणून नोंद असलेल्यांनी हे विशेष पाहावे, कारण हिशेबाच्या पुस्तकांची रोजची बॅकअप प्रत भारतातल्याच सर्व्हरवर हवी असा कंपनी नियम आहे. शेतकरी उत्पादक कंपनीही त्यात येते.

कार्डाशिवाय उघडलेल्या मोफत खात्यात एक खड्डा आहे. तिथली टेबले ६० दिवसांनी आपोआप पुसली जातात, म्हणजे दसऱ्याला चढवलेला डेटा ऐन आवकेत, डिसेंबरात, गायब. सरावाला हे खाते ठीक. खऱ्या कामाला बिलिंग जोडा, आणि जोडल्यावर आधीच्या डेटासेटची व टेबलांची मुदत हाताने काढा. ती आपणहून जात नाही.

रोजची चढवणी

काटा कधीही इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका. लाइन गेली, नेट गेले, तरी बाहेर उभ्या गाड्यांचे वजन थांबता कामा नये. वजन जागच्या कॉम्प्युटरवरच होऊ द्या, आणि रात्री साडेनऊला दिवसाची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी फाइल) वर पाठवा. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये हे काम लावता येते. त्यातच ‘वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव’ अशा अर्थाची एक खूण असते, ती करायला विसरू नका. ती नसली की ज्या रात्री वीज नव्हती, त्या दिवसाची फाइल कायमची राहून जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

उलटी चूक म्हणजे तीच फाइल दोनदा जाणे. मग खरेदी दुप्पट दिसते. आलेला माल एका कच्च्या टेबलात जसाच्या तसा पडू द्या, आणि अहवालासाठी त्यावर एक व्ह्यू (मूळ टेबलातून गाळून दाखवणारे टेबल) बांधा, ज्यात केंद्र, हंगाम आणि पावती क्रमांक मिळून एकच ओळ धरली जाईल. नुसता पावती क्रमांक चालत नाही, कारण तो दर हंगामात एकपासून सुरू होतो.

तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने पाठवा. एक्सेल कधीकधी ५ नोव्हेंबरला (०५/११) ११ मे करून टाकते. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत ही चूक दिसतच नाही, कारण तारीख खरी वाटते. १३ पासून मात्र ओळी नाकारल्या जाऊ लागतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावे कृतीदेवसारख्या फॉन्टात असतील, तर ती आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर वर नुसती चिन्हांची खिचडी जाते. एक्सेलमधून जतन करताना साधी सीएसव्ही न निवडता यूटीएफ-८ वाली निवडा.

पाहायचे काय

लुकर स्टुडिओत, म्हणजे गूगलच्या अहवाल बनवायच्या साधनात, एकच पान बनवा, मोबाइलवर मावेल असे. केंद्रागणिक आजची खरेदी आणि सरासरी ओलावा, गंजीगणिक शिल्लक, संपलेल्या गंज्यांचा उतारा, आणि पावती झाली पण चुकारा बाकी अशा रकमा. बस. वीस आलेख काढून देणाऱ्याला पैसे देऊ नका, चौथ्या दिवशी ते कुणी उघडत नाही. केंद्रावरच्या माणसाला त्याच्या केंद्रापुरते, फक्त पाहण्याचे पान द्या.

याच पानाचा आणखी एक उपयोग आहे. कॅश क्रेडिटसाठी (मालाच्या तारणावरच्या खेळत्या कर्जासाठी) बँकेला द्यायचे स्टॉक स्टेटमेंट त्यातून निघते. आणि जिनिंगला आग लागली, तर ऑफिसातला कॉम्प्युटर बहुधा गंजीच्या बाजूलाच असतो. विम्याच्या दाव्यात त्या दिवशी किती माल होता हे दाखवायला बाहेर ठेवलेली नोंदच कामी येते.

खर्च आणि खबरदारी

बिल साठवणीने वाढत नाही, चाळण्याने वाढते. ‘फक्त १० ओळी दाखव’ म्हटले, तरी साध्या टेबलात निवडलेले रकाने वरपासून खालपर्यंत वाचले जातात. म्हणून लागतील तेवढेच रकाने मागा. लहान टेबलालाही दर वेळी किमान १० एमबी धरतात. त्या हिशेबाने मोफत १ टीबीत महिन्याला लाखभर प्रश्न बसतात. बजेटची सूचना लावा, पण ती नुसती ईमेल पाठवते, खर्च थांबवत नाही. थांबवायचे असेल तर रोजच्या चाळणीवर कोटा (कमाल मर्यादा) लावावा लागतो.

आधार क्रमांक आणि बँक खाते वर चढवू नका. उताऱ्याच्या हिशेबाला त्यांचा काहीच उपयोग नाही, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात फुटलेल्या माहितीची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली आहे. कास्तकारासाठी स्वतःचा एक सभासद क्रमांक पुरे.

टेबल चुकून पुसले गेले तर घाबरून त्याच नावाचे नवे बनवू नका. जुनी प्रत ठेवण्याची नेमून दिलेली मुदत बदललेली नसेल, तर ७ दिवसांपर्यंत मागच्या वेळेची प्रत परत आणता येते. त्याच नावाचे नवे टेबल मध्ये आले की ते काम अवघड होऊन बसते.