सिसिलीची माणसं न्यूयॉर्कमध्ये ‘इटालियन’ कशी झाली: एका रस्त्यावरून शोधायची पद्धत

घर सोडताना फारच थोडे जण स्वतःला इटालियन म्हणवत. कुणी शाक्काचा असे, कुणी पालेर्मोचा. फार तर सिसिलीचा, म्हणजे इटलीच्या दक्षिणेकडच्या त्या बेटाचा. ‘इटालियन’ ही ओळख बहुतेकांच्या अंगवळणी पडली ती अमेरिकेत, आणि कशी पडली ते मूळ कागदांवर ताडून पाहता येतं. त्यासाठी मॅनहॅटनमधली एलिझाबेथ स्ट्रीट घ्या. तिथे सिसिलीचे लोक दाटीवाटीने राहत, जवळच्या मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे.

अमेरिकेच्या जनगणनेची नावनिशीवार पानं ७२ वर्षांनी खुली होतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं काढलं की ती फुकट दिसतात. १९१०, १९२० आणि १९३० ची घ्या. १८९० ची १९२१ च्या आगीपायी जवळजवळ सगळी गेली. शोध नावाने घेऊ नका, कारण गणनेदाराने कानावर पडलं तसं नाव लिहिलेलं असतं. पत्त्यावरून गणना-विभागाचा (एका गणनेदाराच्या वाट्याच्या भागाचा) क्रमांक काढा. तो दर गणनेत बदलतो. रस्त्याचं नाव डाव्या समासात उभं लिहिलेलं सापडेल. पानावर ५० ओळी असतात, त्यामुळे चार पानांत २०० माणसं हाती येतात. सुरुवातीला एवढी पुरेत.

वहीत रकाने आखा: घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाशी नातं, जन्मस्थान, आईवडिलांचं जन्मस्थान, आल्याचं वर्ष, नागरिकत्व, कामधंदा. नागरिकत्वापुढे ‘एनए’ म्हणजे नागरिक झालेला, ‘पीए’ म्हणजे नागरिकत्वाचा पहिला अर्ज केलेला, ‘एएल’ म्हणजे परकीय. १९१० मध्ये हा प्रश्न फक्त २१ वर्षांवरच्या परदेशी जन्माच्या पुरुषांसाठी होता. बायकांपुढची रिकामी जागा म्हणजे ‘परकीय’ नव्हे. या ठिकाणी हमखास चूक होते.

जन्मस्थान मात्र सगळ्यांचं एकच दिसेल: इटली. गाव कळायला जहाजाची प्रवासी यादी लागते. १९०७ नंतरच्या यादीत एका माणसाची ओळ समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली असते आणि बरेच जण पहिल्याच पानावर थांबतात. शेवटचं राहतं गाव पहिल्या पानावर मिळतं. कोणाकडे चालला, कोणत्या पत्त्यावर, जन्म कुठला, हे दुसऱ्या पानावर. समजा, शाक्काचे चौघे एलिझाबेथ स्ट्रीटच्या एकाच घराचा पत्ता देतात. आता जनगणनेत त्याच घरातले ‘बोर्डर’, म्हणजे पैसे देऊन राहणारे-जेवणारे, पाहा. गाववाल्यांची साखळी डोळ्यांसमोर उभी राहते. याच यादीतल्या वंशाच्या रकान्यात ‘दक्षिण इटालियन’ आणि ‘उत्तर इटालियन’ अशा वेगळ्या नोंदी सापडतील. म्हणजे नव्या देशातलं पहिलं लेबल सरकारी कागदावरच चिकटत होतं.

नाव जुळेना, तर एलिस बेटावर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, ते बदललं असेल असं समजू नका. यादी जहाज कंपनीची माणसं भरत आणि बेटावरचे अधिकारी तीच पडताळत. आल्याचं वर्षही दोन गणनांत वेगळं निघतं. अनेक पुरुष काही महिने कमावून परत जात आणि पुन्हा येत, म्हणून सगळ्या फेऱ्या शोधा.

खरं उत्तर लग्नांत आहे. चर्चच्या विवाहनोंदीत बाप्तिस्म्याचं गाव मिळालं, तर नवरा-बायकोची गावं शेजारी शेजारी मांडा. आधी एकाच गावची जोडपी, मग सिसिलीतल्या दोन गावांची, मग सिसिली-नेपल्स अशी, हा क्रम दिसला की गट घडताना दिसला. १९२४ च्या कोटा कायद्याने (कोणत्या देशातून किती जण येऊ शकतात ते ठरवणाऱ्या) गावाहून येणारी नवी माणसं जवळजवळ थांबली, हे कारण तारखांशी जुळवून पाहा. नेपल्सचा संत सान जेनारो याचा मलबेरी स्ट्रीटवरचा उत्सव १९२६ मध्ये सुरू झाला. पुढे तो सगळ्या इटालियनांचा झाला.

हीच पद्धत कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीतल्या पंजाब्यांना लावायची, तर १९३० च्या वंशाच्या रकान्यावर विसंबू नका. ‘हिन’ म्हणजे हिंदू ही नोंद शीख आणि मुसलमानांपुढेही आहे. आधी जन्मस्थान वाचा, मग बायकोचं (ती बरेचदा मेक्सिकन वंशाची), मग मुलांची नावं: स्पॅनिश नावापुढे सिंग.