वस्तऱ्याचा जुना पट्टा: पारखावा कसा, पुन्हा कामाला लावावा कसा

सलूनमध्ये अर्धे पाते बसवायचे वस्तरे आले आणि वस्तऱ्याची धार नीट करायला भिंतीला टांगलेले चामड्याचे पट्टे माळ्यावर गेले. बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागांतील जुन्या सलूनवाल्यांकडे चौकशी केली तर असा एखादा पट्टा आजही हाती लागतो. साधारण दोन ते तीन इंच रुंद, दीड ते दोन फूट लांब, एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला धरायची मूठ आणि पुष्कळदा चामड्याच्या मागे जाड कापडाची जोडपट्टी, ही त्याची खूण.

वस्तऱ्यांसाठी नावाजलेल्या जर्मनीतील सोलिंगेन किंवा इंग्लंडमधील शेफील्ड शहराचा शिक्का दिसला की विकणारा भाव चढवतो. पण वस्तरा फिरतो तो मधल्या भागावर, तेव्हा पारखही त्याच भागाची करावी. विचारूनच (आमच्याकडे कानडीत विचारल्यास भावही थोडा उतरतो) पट्टा चामड्याची बाजू वर ठेवून दोन बोटांवर हलके वाकवावा. बारीक रेषा उमटून सरळ केल्यावर पुसल्या गेल्या, तर चामडे नुसते कोरडे आहे. मात्र रेषेच्या तळाशी तंतू दिसले किंवा कडेचा तांबूस भुगा बोटाला लागला, तर ते चामडे संपले आहे. कितीही तेल पाजले तरी ते सुधारत नाही, म्हणून तो पट्टा तिथेच ठेवावा. कडेला वस्तऱ्याने पडलेल्या लहान खाचांना मात्र नवशिके विनाकारण घाबरतात. त्या निघतात.

दुरुस्ती दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत काढावी. खानापूरकडच्या पावसाळ्यात ठेवलेल्या पट्ट्यावर बुरशी असल्यास ती घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडून, व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेतलेल्या फडक्याने पुसावी. मग ग्लिसरिनच्या साबणाचा केवळ फेस घेऊन मळ काढावा आणि पट्टा सपाट ठेवून सावलीत एक-दोन दिवस वाळू द्यावा. माझा पहिला पट्टा मी बादलीत भिजवून उन्हात टाकला होता. संध्याकाळी तो तळलेल्या पापडासारखा वळलेला मिळाला. कापडी पट्टी वेगळी करून साबणाने घासावी आणि ताणून वाळवावी.

खाचेचा उचललेला पापुद्रा चिकटवून घ्यावा. नंतर सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, आधी २२०, मग ४०० आणि शेवटी ६०० नंबरचा, पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. नख आडवे फिरवून पाहावे; ते अडकेनासे झाले की थांबावे, कारण गुळगुळीत करण्याच्या हौसेपोटी चामड्याचा वरचा थरच निघून जातो.

तेलाच्या बाबतीत कंजूष राहावे. नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले, चामड्याला लावायचे तेल) चार-पाच थेंब तळहातावर घेऊन चोळावेत आणि एक दिवस वाट पाहावी. जास्त तेलाने चामडे मऊ पडते, पाते त्यात रुतते आणि धार गोलावते; स्वयंपाकाचे तेल तर कालांतराने खवट होते. त्यानंतर आठवडाभर रोज काही मिनिटे कोरड्या तळहाताने पट्टा घासणे, हे कंटाळवाणे काम कोणत्याही मलमापेक्षा गुणकारी ठरते.

मूठ किंवा कडी तुटली असल्यास अथणी परिसरातील कोल्हापुरी चपलांच्या कारागिरांना दाखवावी. २०१९ साली या चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, आणि बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची शिवण त्यांच्या हातात बसलेली आहे.

चाचणीसाठी चांगला वस्तरा काढू नये. पट्टा ताणून धरावा, पाते आडवे टेकवावे, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून न्यावे आणि टोकाशी पाठीवरच उलटवावे. आधी कापडावर वीस, मग चामड्यावर चाळीस फेरे पुरतात. आवाज एकसारखा सरसर यावा. मध्येच बारीक ‘टिक्’ ऐकू आले तर त्या जागी खाच राहिली आहे, आणि ६०० नंबरचा कागद पुन्हा हाती घ्यावा.