नेट सारखं तुटतंय? आधी कुठे तुटतं ते पकडा

नेट मधेमधे जातंय म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो. राउटर बंद करून चालू करा, विंडोज फॉरमॅट मारा, मोठा प्लॅन घ्या. गोव्यात डिचोली-फोंड्याकडच्या घरांत मी हे काम नेहमी करतो आणि या तीन सल्ल्यांपायी लोकांचे पैसे आणि सुट्टीचे दिवस वाया गेलेले बघून चीड येते. प्लॅन मोठा केल्याने वेग वाढतो, तुटणं थांबत नाही. फॉरमॅट तर शेवटचासुद्धा उपाय नव्हे, कारण दोष बहुतेक वेळा संगणकाच्या बाहेर असतो.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचं जे बारीक भोक असतं, त्याला हात लावू नका. त्या रीसेटने कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि बाकीची सेटिंग पुसली जातात. मग अधूनमधून जाणारं नेट कायमचं जातं आणि माणूस येईपर्यंत हात चोळत बसावं लागतं.

वायरी घट्ट आहेत ना, आणि त्याच वेळी त्याच वायफायवरच्या मोबाइलचंही नेट जातं का, एवढं बघून घ्या. आता खऱ्या कामाला लागू.

दोन खिडक्यांची चाचणी

तुमच्या संगणकापासून बाहेरपर्यंत दोन टप्पे आहेत: संगणक ते राउटर, आणि राउटर ते बाहेरचं जग. नेट यांतल्या कुठल्या टप्प्यावर तुटतं हे कळल्याशिवाय काहीही बदलू नका. या चाचणीतले आकडे वाचायला मलाही सुरुवातीला जड गेलं होतं, म्हणून सावकाश सांगतो.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. त्यात आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो पत्ता येतो तो राउटरचा, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता पिंग, मग जागा सोडून हा पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून टी हे अक्षर, असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. ओळी एकामागून एक येत राहतील. दुसरी काळी खिडकी उघडून तीच आज्ञा द्या, फक्त पत्ता ८.८.८.८ टाका. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता, म्हणजे आपल्यासाठी बाहेरचं जग. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी मांडा आणि चालू ठेवा.

किती वेळ? नेट तुटेपर्यंत. मिनिटभर बघून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. जो दोष दुपारी दिसतो तो सकाळी दिसेलच असं नाही. लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करून ठेवा, नाहीतर तो झोपला की तुम्हाला वाटेल नेटच गेलं. कागदावर वेळ लिहीत चला.

आता वाचायचं कसं. पहिल्या खिडकीत राउटरचं उत्तर यायला लागलेली वेळ साधारण १ ते ५ मिलिसेकंद दिसायला हवी. वायफायवर एखादी उडी चालते, पण आकडा सारखा शंभर-दोनशेच्या वर जात असेल तर वायफाय आजारी आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' ही ओळ एकटी आली तर सोडून द्या. लागोपाठ आठ-दहा आल्या तर ते तुटणं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं आणि त्या ओळीत तुमच्याच संगणकाचा पत्ता असेल, तर संगणकाला समोरचा राउटरच सापडत नाहीये.

दोन्ही खिडक्या एकदम थांबल्या तर दोष संगणक आणि राउटरच्या मधे आहे, किंवा राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होतोय. पहिली चालू आणि दुसरी थांबली तर दोष राउटरच्या पलीकडे आहे, आणि संगणकाशी खेळण्यात अर्थ नाही. दोन्ही चालू आणि तरी पानं उघडत नाहीत तर डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा घोळ. सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून पाहा, बहुधा काम भागतं.

घरात फायबरची एक पेटी आणि तिच्यापुढे वेगळा राउटर असेल तर त्या पेटीच्या पत्त्यासाठी तिसरी खिडकी उघडा. आणि शक्य असेल तर हीच चाचणी एकदा लॅनची वायर लावून करा. वायरीवर ठणठणीत आणि वायफायवर तुटतंय, असं दिसलं की शोध संपला.

दोन्ही खिडक्या थांबतात तेव्हा

आधी ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याच्या पानावर जा आणि 'अपटाइम', म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते बघा. तो दोन तासांचाच दाखवत असेल आणि तुम्ही राउटरला हात लावलेला नसेल, तर वीज क्षणभर गेली किंवा अडॅप्टर खराब झालाय. पावसाळ्यात आपल्याकडे दिवा नुसता लुकलुकतो, पण तेवढ्यानेही राउटर बंद पडतो आणि परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच.

अपटाइम नीट असेल तर वायफाय. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड, आणि ५ गिगाहर्ट्झची लहर अशा भिंतीपलीकडे फार टिकत नाही. राउटर मात्र जिथून वायर घरात शिरली तिथेच, टीव्हीच्या मागे कोंबलेला असतो. तो बाहेर काढून उंचावर, घराच्या मध्यावर आणा. २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या आणि लांबच्या खोलीतला संगणक २.४ वरच ठेवा. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक, बाकीचे एकमेकांवर चढतात.

लॅपटॉपमध्ये डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर, वायफाय कार्ड, पॉवर मॅनेजमेंट: वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. काही लॅपटॉपवर हा टॅब नसतो, तेव्हा पुढे चला. ड्रायव्हर, म्हणजे हे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉप बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर आपोआप' म्हणणारी सॉफ्टवेअरं घरात घेऊ नका.

फक्त बाहेरचं थांबतं तेव्हा

फायबरच्या पेटीवर एलओएस नावाचा दिवा लाल झाला म्हणजे प्रकाश पोचत नाहीये. खिडकीतून येणारी बारीक वायर कुठे काटकोनात मुडपली आहे का, कपाटाखाली दबली आहे का, बघा. हिरव्या टोकाची पिन उगाच काढू नका, त्यावर बोट फिरवू नका, आणि त्यात डोळा घालून तर मुळीच बघू नका.

दिवा लाल नसला तरी दोष असू शकतो, आणि इथेच बहुतेक तक्रारी अडकतात. पेटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे पेटीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे आकड्यात लिहिलेली असते. उणे २० च्या आसपास असली की छान. उणे २७ च्या जवळ गेली की जोडणी कधीही तुटेल. या आकड्यात तीनची (तीन डेसिबलची) घट म्हणजे प्रकाश निम्मा. कोरड्या दिवशी आणि मुसळधार पावसात असा दोनदा आकडा लिहून ठेवा. पावसात तो खाली, म्हणजे उणे २७ कडे, येत असेल तर खांबावरच्या जोडपेटीत पाणी शिरतंय, किंवा माडाचं चुडत पडून वायर ताणली गेली आहे. पावसाळ्याआधी विजेच्या तारांवरच्या फांद्या छाटतात तेव्हाही या वायरी ओढल्या जातात.

तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका. 'अमुक वेळी राउटरला पिंग चालू होतं, बाहेरचं बंद होतं, आरएक्स पॉवर इतकी होती' असं सांगा आणि दोन्ही खिडक्यांचा फोटो पाठवा. समोरचा पुन्हा राउटर बंद-चालू करायला सांगेल. ते करून झालंय म्हणून ठामपणे सांगा, तक्रारीचा नंबर घ्या. माणूस आला की त्याच्या मीटरने घरातलीच नव्हे, खांबावरची पॉवरही मोजायला लावा. खांबावर चांगली आणि घरात कमी असेल तर मधली वायर बदलून घ्या, सांधून नको. खांबावरच कमी असेल तर जोडपेटी उघडायला लावा, आणि तो जाण्याआधी नवा आकडा स्वतः पेटीच्या पानावर बघून घ्या.