त्रेचाळीस सेकंद

माझ्या पहिल्या प्रीअ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी आवाजाचा सिग्नल वाढवणारा डबा) वीज दिली तेव्हा काहीच झालं नाही. धूर नाही, आवाज नाही, व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळीत, साधी लालीसुद्धा नाही. तीन रविवार घालवून केलेलं सोल्डरिंग भिंगाखाली तपासलं, सगळं ड्रॉइंगप्रमाणे होतं. शेवटी चॅसी, म्हणजे सर्किट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, पिशवीत घालून इंदूरच्या महाराणी रोडकडे गेलो. तिथे एका गल्लीत एक काका बसतात, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता स्टॅबिलायझर बघतात. त्यांनी चॅसी उलटी केली, सॉकेटकडे पाहिलं आणि म्हणाले, "वरून मोजलंस होय रे? पिना खालून मोजतात. सोल्डर करतो त्या बाजूने, घड्याळाच्या काट्यासारख्या."

म्हणजे दोन्ही सॉकेटवरच्या तारा आरशात पाहून लावल्यासारख्या उलट झाल्या होत्या. १ च्या जागी ९, ४ च्या जागी ६. एकटी ५ नंबरची पिन तेवढी बरोबर, तीही मधोमध असल्यामुळे. घरी येऊन सगळे टाके उसवले.

राजेंद्रनगरातल्या दोघा-तिघांनी मध्यंतरी माझ्याकडे सर्किट मागितलं, म्हणून हे लिहायला घेतलं. सर्किट लहानच आहे. प्रत्येक चॅनलला एक ईसीसी८२ व्हॉल्व्ह, त्याच्या पोटात दोन ट्रायोड. ट्रायोडमध्ये कॅथोड आणि प्लेट यांच्यामधून करंट वाहतो, मधली ग्रिड तो कमी-जास्त करते. पहिला आवाज वाढवतो: प्लेटला ४७ किलोओहम, कॅथोडला १.२ किलोओहम आणि त्यावर एक कंडेन्सर. २५० व्होल्टवर साधारण ३ मिलिअ‍ॅम्पिअर वाहतात आणि तेरा-चौदा पट गेन मिळतो. दुसरा कॅथोड फॉलोअर, म्हणजे न वाढवता सिग्नल पुढे देणारा, त्याची ग्रिड पहिल्याच्या प्लेटला थेट जोडलेली. एवढं कागदाच्या चतकोरात मावतं. माझा वेळ गेला तो कोणती तार कुठून न्यायची आणि कोणत्या भागाला वीज आधी द्यायची, यात.

आधी वीज कोणाला, ते सांगतो. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, पण रेक्टिफायरचे, म्हणजे एसीची डीसी करणारे, सिलिकॉन डायोड लगेच चालू होतात. बटण दाबताच एचटी (हाय टेन्शन, म्हणजे प्लेटला लागणारी चढ्या व्होल्टची डीसी) पूर्ण चढते आणि व्हॉल्व्ह थंड असल्यामुळे ती ओढायला कोणी नसतं. माझ्या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी २०० व्होल्टची, म्हणजे तिचं शिखर १.४१४ ने गुणून २८३. लोड नसताना मीटरवर ३०० च्या वर दिसलं. म्हणून कंडेन्सर ४५० व्होल्टचे घ्या, ३०० चे घेऊन पैसे वाचवू नका. दुसरी अडचण फॉलोअरची. पहिला ट्रायोड थंड, म्हणजे त्याच्या प्लेटवर पूर्ण एचटी, म्हणजे फॉलोअरच्या ग्रिडवरही पूर्ण एचटी. त्याचा कॅथोड मात्र अजून शून्यावर. केसाएवढ्या अंतरात अडीचशे-तीनशे व्होल्ट! एके रात्री दिवे घालवून बघत बसलो तर आत बारीक ठिणगी दिसली. थंड कॅथोडला एचटी दिली तर त्याचा लेप उखडतो असंही बरेच जण सांगतात. इतक्या लहान व्हॉल्व्हला, एवढ्या व्होल्टेजवर, मला ती भीती वाटत नाही. ठिणगीची वाटते. जुन्या रेडिओंत रेक्टिफायरही बहुधा व्हॉल्व्हच असायचा, तोही सावकाश तापायचा, त्यामुळे निम्मा प्रश्न आपोआप सुटायचा.

उपाय म्हणजे एचटी उशिरा जोडायची: ५५५ आयसीचा टायमर आणि एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. ३९० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले की १.१ गुणिले दोन्ही, म्हणजे सुमारे ४३ सेकंद. माझं घड्याळ ५२ दाखवत होतं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर लिहिलेला आकडा तसा मोघमच असतो, शिवाय तो थोडा गळतो. बावन्न तर बावन्न, पण घरात नाव 'त्रेचाळीस सेकंद'च पडलं.

चूक मी पुढे केली. रिले लावला तो रेक्टिफायरनंतर, डीसीच्या वाटेत. निळा, चौकोनी, दहा अ‍ॅम्पिअरचा रिले, मला वाटलं याला काय होतंय. चौथ्या दिवशी बटण दाबलं तर टिक न होताच एचटी हजर. फोडून पाहिला, दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटलेले. अंगावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: एसी २५० व्होल्ट, डीसी ३० व्होल्ट. एसी दर अर्ध्या फेरीला शून्यातून जाते, तिथे ठिणगी विझते. डीसीला तो विसावाच नसतो. आता रिले एचटीच्या गुंडाळीत, रेक्टिफायरच्या आधी आहे. हीटरची, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेची, गुंडाळी वेगळी आणि थेट चालू. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला देतानाच ६.३ व्होल्टची वेगळी गुंडाळी मागा. दोन व्हॉल्व्हना ०.६ अ‍ॅम्पिअर लागतात, मी १.५ ची करून घेतली.

आणखी एक गोष्ट पहिल्या पावसात कळली. लाइट गेली आणि क्षणात आली. टायमरचा कंडेन्सर अजून भरलेलाच, त्यामुळे त्याला वाटलं वेळ संपली, आणि एचटी लगेच चालू झाली. ३९० किलोओहमवर एक साधा डायोड उलटा टाकला की वीज जाताच कंडेन्सर त्यातून रिकामा होतो. एका रुपयाचा माल, पण आपल्याकडे तो हवाच.

दुसरा रिले आउटपुटवर. एचटी चढताना शेवटचा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून आवाज पुढे सोडणारा) शंभरेक व्होल्टपर्यंत भरतो आणि तो धक्का सरळ स्पीकरला जातो. हा रिले वीज नसताना आउटपुट ग्राउंडला दाबून ठेवतो, वीज मिळाल्यावर सोडतो. एचटीनंतर आणखी पंधरा सेकंदांनी तो सुटतो. वीज गेली की आपोआप परत दाबतो, म्हणून कॉन्टॅक्ट याच बाजूने वापरायचे.

आता हम, म्हणजे स्पीकरमधली नकोशी गुणगुण. आधी कान तयार करा: ५० हर्ट्झचा गोल 'हुं' वेगळा, १०० चा खरखरीत 'झर्र' वेगळा. हुं असेल तर हीटरच्या तारा, ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंडचा फेरा पाहा. झर्र असेल तर बहुतेक वेळा रेक्टिफायरचा चार्जिंग करंट तुमच्या ग्राउंडमधून फिरतोय. माझ्याकडे झर्र होतं, कारण इनपुटचं ग्राउंड मी एचटीच्या पहिल्या कंडेन्सरच्या निगेटिव्हला जवळ पडतं म्हणून बांधलं होतं. रेक्टिफायर ब्रिजचा निगेटिव्ह थेट पहिल्या कंडेन्सरला, तिथून एकच तार दुसऱ्या कंडेन्सरला, आणि बाकी सगळी ग्राउंडं त्या दुसऱ्याच्या पायाशी एकत्र. एवढं केलं आणि झर्र गेलं.

हीटरच्या तारा सगळ्यात आधी टाका, घट्ट पिळून, चॅसीच्या कोपऱ्याला चिकटवून. ईसीसी८२ ला ४ आणि ५ एकत्र, दुसरी तार ९ ला. दोन्ही तारांमध्ये १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर, आणि त्यांचा मधला सांधा ग्राउंडला न बांधता सुमारे ५० व्होल्टवर टांगायचा. एचटीवरून २२० आणि ५६ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज वाटून देणारे दोन रेझिस्टर) पुरतो, ५६ वर १० मायक्रोफॅरड. फॉलोअरचा कॅथोड ११० च्या आसपास बसतो, हीटर शून्यावर ठेवला तर मधल्या इन्सुलेशनवर उगाच ताण येतो. शील्डेड वायरची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा. ग्रिडचा १ किलोओहम पिनेला अगदी चिकटून, तार वाढवून नाही.

अर्थिंगबद्दल मात्र मी कडक आहे. तिसरी तार थेट चॅसीला, रंग खरवडून, बोल्ट आणि दातेरी वॉशरने. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, म्हणून मीटरने फेज आणि अर्थ मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. पहिल्यांदा वीज देताना ४० वॉटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवरून द्या, म्हणजे वीज बल्बमधूनच पुढे जाते. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, एचटी मीटरने मोजा, १० व्होल्टच्या खाली आल्यावरच हात घाला. तोही एक हात, दुसरा खिशात. काकांच्या उजव्या अंगठ्यावर पांढरा डाग आहे, त्यांनी तो मला न विचारताच दाखवला.

ऐकून बघायला मी अमीर खाँसाहेबांचं अतिविलंबित गाणं लावतो. इंदूरचा माणूस म्हणून नाही, म्हणजे तेही आहेच, पण त्यांच्या दोन स्वरांमधल्या शांततेत हम लपू शकत नाही. डाव्या चॅनलला कान लावला तर अजून बारीक हुं येतो. काका म्हणाले, ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवून बघ. त्यासाठी चॅसीला चार नवी भोकं पाडावी लागतील, आणि ड्रिलचं पातं मित्राकडे अडकलंय.