स्टिक किंवा स्मार्ट टीव्ही घेण्यापूर्वी ॲपची खात्री कशी करावी

इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवण्यासाठी टीव्हीला लावायची स्टिक आपण पैसे मोजून घेतो, तरी तिच्यावर कोणते ॲप चालेल हे बऱ्याच अंशी उत्पादकच ठरवतो, कारण ॲप उतरवून घेण्याचे दुकान त्याचे असते आणि तिथे कोणाला जागा द्यायची हेही त्याच्याच मर्जीवर असते. ग्राहकाला हे पटत नाही, आणि पटूही नये. मात्र खरी चौकशी बिल होण्यापूर्वीच करता येते.

प्रथम घरातल्यांना विचारून यादी करावी: आईची मालिका कोणत्या ॲपवर येते, बाबा नागपूरजवळच्या जामठा मैदानावरचा रणजी सामना कुठे पाहतात, पेनड्राइव्हवरचे लग्नाचे चित्रीकरण कशात उघडते. त्यानंतर प्रत्येक ॲपच्या स्वतःच्या मदत पानावर कोणती उपकरणे चालतात हे पाहावे. खोक्यावर छापलेल्या चिन्हांवर विसंबू नये.

मॉडेलचे पूर्ण नाव आणि आतली कार्यप्रणाली विचारणे सर्वांत महत्त्वाचे, कारण एकाच नावाच्या दोन स्टिकमध्येही मोठा फरक असू शकतो. ॲमेझॉनच्या ॲप-दुकानातून कोडी हे चित्रफिती चालवणारे ॲप 2015 मध्ये काढले गेले, तरी ॲमेझॉनच्याच, अँड्रॉइडवर आधारलेल्या फायर टीव्ही स्टिकवर ते कोडीच्या संकेतस्थळावरून घालता येत असे. 2025 मध्ये आलेल्या फायर टीव्ही स्टिक 4के सिलेक्टमध्ये मात्र व्हेगा ही नवी प्रणाली असून बाहेरून ॲप घालण्याची ही वाट सामान्य ग्राहकासाठी बंद आहे. सॅमसंगच्या टायझन आणि एलजीच्या वेबओएस या प्रणालींच्या टीव्हीवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बाहेरून घालण्याची फाइल, चालतच नाही.

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात घेणार असाल, तर मांडून ठेवलेला नमुना सुरू करायला सांगून यादीतले प्रत्येक नाव रिमोटने स्वतः शोधावे. ‘सगळं चालते जी’ हे उत्तर ऐकून घ्यावे आणि तेच बिलावर लिहून मागावे. लिहिताना दुकानदाराचा हात अडखळला, तर त्यातच उत्तर मिळाले. ऑनलाइन घेताना वस्तू परत घेतली जाते की फक्त बदलून मिळते हे आधी वाचावे, कारण ॲप नसणे हा बिघाड नाही, असे सांगून विक्रेता हात झटकू शकतो.

उपकरण घरी आले आणि ॲप सापडत नसेल, तर आधी सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि खात्यात नोंदवलेला देश तपासावा. नंतर ब्राउझर, मोबाइलवरून कास्ट करणे (मोबाइलवरचे चित्र टीव्हीवर पाठवणे) किंवा लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावणे हे मार्ग आहेत. एपीके घालायचीच असेल, तर ती ॲपच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि काम झाल्यावर सेटिंगमधली अज्ञात स्रोतांची (बाहेरून ॲप घालू देण्याची) परवानगी बंद करावी. मोबाइलसाठी केलेले ॲप रिमोटला नीट दाद देत नाही, आणि ॲपच्या कंपनीने प्रमाणित न केलेल्या उपकरणावर चित्राचा दर्जाही अनेकदा कमी मिळतो.

आज असलेले ॲप उद्या राहीलच असेही नाही. गूगल आणि ॲमेझॉनच्या भांडणात फायर टीव्हीवरचे अधिकृत यूट्यूब ॲप गेले, ते 2019 च्या जुलैत परतले. मधल्या काळात लोकांनी ब्राउझरवर भागवले. म्हणून वर्गणी स्टिकवरच्या ॲप-दुकानातून न घेता थेट ॲपच्या संकेतस्थळावर घ्यावी, आणि नवीन उपकरणावर सुरुवातीला महिन्याचीच घ्यावी.

विक्रेत्याने खात्री देऊनही ॲप चालत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने काम न झाल्यास, विक्रेत्याचे कार्यालय दुसऱ्या शहरात असले तरी, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार नागपूरच्या रहिवाशाला नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. बिल, जाहिरातीचे छायाचित्र आणि ‘ॲप उपलब्ध नाही’ असा संदेश दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो तक्रारीसोबत जोडावा.