मेलोट्रॉन आणि त्याचं सॅम्पल: तुलना कशी करावी

मेलोट्रॉन म्हणजे टेपवर रेकॉर्ड केलेले सूर वाजवणारं कीबोर्ड वाद्य, आणि सॅम्पल म्हणजे त्याच्या आवाजाचं डिजिटल रेकॉर्डिंग. एकच सूर धरून ऐकलात, तर चांगलं सॅम्पल आणि खरं मेलोट्रॉन यांत फरक सापडणं कठीण. त्यामुळे यंत्र हाताला कसं वागतं तेच तपासायचं. एम४०० या मेलोट्रॉनच्या मॉडेलमध्ये कीबोर्डच्या ३५ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीखाली स्वतःची टेप. पट्टी दाबली की पॅड टेपला हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, टेकवतो आणि रोलर तिला कॅपस्टनवर, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्यावर, दाबतो. साधारण ८ सेकंदांत टेप संपते. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते.

आधी मोटर १५-२० मिनिटं चालू ठेवा आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मळक्या हेडवर वरच्या कंपनसंख्या दबतात आणि दोष बिचाऱ्या टेपला लागतो. दोन्हीकडे एकच ध्वनी निवडा, उदाहरणार्थ तीन व्हायोलिन. रिव्हर्ब बंद ठेवून दोन्ही मोनो, २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा. आवाजाची पातळी ०.५ डेसिबलच्या आत जुळवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाचच सरस वाटतो.

पहिली चाचणी: एक पट्टी १० सेकंद धरा. टेप गप्प होते. सॅम्पल पुढे चालूच राहिलं, तर त्यात लूप आहे, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो.

मग तीच पट्टी अर्धवट दाबा. टेप हेडला नीट टेकत नाही, सूर मंद आणि डळमळीत येतो. बहुतेक सॅम्पलना मात्र आघाताचा वेगच कळतो, दाब कळत नाही.

आता तीच पट्टी भरभर वाजवा. टेप पूर्ण मागे जायच्या आत पुन्हा दाबली गेली, तर सूर मधूनच सुरू होतो आणि सुरुवातीचा आघात हरवतो. सॅम्पल सहसा दर वेळी पहिल्यापासून वाजतं.

सर्वांत बोलकी चाचणी शेजारच्या चार पट्ट्यांची. टेपवर प्रत्येक सूर वेगळा वाजवून घेतलेला असतो, म्हणून सुराचा कंप (व्हायब्रेटो) आणि धनुकलीची खरखर दर पट्टीला निराळी. वर जाताना कंपाचा वेग त्याच प्रमाणात वाढत गेला, तर एकच सॅम्पल वेग बदलून सगळ्या पट्ट्यांवर ताणून वापरलंय.

शेवटी ट्यूनर लावून एकेक सूर वाढवत पाच सुरांचा मेळ (कॉर्ड) खऱ्या मेलोट्रॉनवर बांधा. मोटरवर भार येऊन सूर जरासा उतरतो. पण तो सरळ बेसूर होत असेल, तर त्याला 'जुन्या यंत्राचा गोडवा' म्हणू नका. मोटर नियंत्रणाचं कार्ड आणि रोलरचा दाब तपासा.