सफाई-सुरक्षेच्या ठेक्यात वेतनफरक मागण्याआधी

किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार बदलणारा भाग, १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो. परिपत्रक बऱ्याचदा उशिरा हाती येते, लागू मात्र मागल्या तारखेपासून होते. कामगाराला फरक द्यावाच लागतो. ठेकेदाराने हात वर केले तर मूळ मालक, म्हणजे इथे नगरपंचायत, देतो आणि ठेकेदाराच्या देयकातून वळता करतो. नगरपंचायत तो फरक ठेकेदाराला देईल का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी आधी निविदेच्या अटी, निविदापूर्व बैठकीचे शुद्धिपत्रक, स्वीकृतीपत्र, कार्यारंभ आदेश आणि करारनामा एकत्र लावून वाचा. ‘कोणत्याही कारणास्तव दरवाढ नाही’ आणि ‘किमान वेतनातील बदलाचा फरक देय’ ही दोन्ही वाक्ये एकाच बाडात सापडली, तर कोणता कागद वरचढ हे सांगणारे कलम शोधून काढा. फरकाचे कलमच नसेल तर मागणी लंगडी आहे, हे धरून चला.

मग दर विश्लेषण. लेखापरीक्षणात हमखास येणारा आक्षेप असा: भत्ता दर सहामाहीला बदलतो हे ठाऊक होते, तर दरात का धरला नाही? निविदेसोबतच्या पत्रकात मूळ वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), बोनस आणि सेवाशुल्क सुटे दाखवून कोणत्या तारखेचे दर धरले ते लिहिले असेल, तरच याला उत्तर असते. ठोक आकडा भरणारे इथेच अडकतात. निविदेची शेवटची तारीख २० फेब्रुवारी आणि १ जानेवारीचा भत्ता त्याआधीच जाहीर झालेला असेल, तर तो फरक मागू नका, मागणी जुलैपासून.

किमान वेतनाचा दर परिमंडळानुसार, म्हणजे भागानुसार, बदलतो; परिमंडळ कामाच्या जागेवरून धरा. ऑफिस पनवेलला आणि झाडू गुहागरात, तर दर गुहागरचा.

हिशोब एका माणसापासून सुरू करा. समजा, भत्ता महिना ४०० रुपयांनी वाढला. मालक म्हणून तुमच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी प्रशासकीय आणि विमा आकारासह १३ टक्के म्हणजे ५२, ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे १३, बोनस ८.३३ टक्क्यांनी ३३.३२. एकूण ४९८.३२. पूर्ण हजेरीच्या २४ जणांचे सहा महिन्यांचे ७१,७५८.०८ रुपये. निधी १५,००० रुपये वेतनाच्या मर्यादेवर भरत असाल आणि वेतन आधीच त्यापुढे असेल, तर ते ५२ रुपये गाळा. चलनात नसलेला पैसा मागितला की सगळ्याच पत्रकावर संशय येतो. सेवाशुल्काची टक्केवारीही वाढीव रकमेवर चढवू नका, करारात तसे स्पष्ट असेल तरच चढवा. जीएसटी मूळ बिलात जसा धरला, तसाच पुरवणी बिलात.

हजेरी तपासायला सर्वांत जास्त वेळ ठेवा. चतुर्थीला निम्मे लोक आपापल्या गावी जातात आणि बदली माणसे येतात. मस्टरवर सही बदलीवाल्याची, बँकेत पगार मूळ माणसाला, असे झाले की त्या दिवसांचा फरक कापला जातो. बदलीवाल्याचे नाव, यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक) आणि बँक खाते त्याच आठवड्यात घ्या. मंजूर जागा २४ असल्या तरी फरक भरलेल्या हजेरीवरच. मस्टरवर सह्या बॉलपेननेच घ्या. जुलैत गाडीच्या केबिनमध्ये राहिलेल्या मस्टरवर शाई पसरते आणि ७ चा १ होतो. महिना संपताच आरोग्य निरीक्षकाची सही घेऊन प्रत काढून ठेवा.

फरक आधी कामगारांच्या खात्यात जमा करा, त्याची ईसीआर (निधीचे मासिक विवरणपत्र) आणि चलने जोडा, आणि करारातल्या मुदतीत मुख्याधिकाऱ्यांकडे आवक क्रमांकासह अर्ज द्या. मुदत लिहिलेली नसेल तरी परिपत्रक मिळाल्यापासून महिनाभरात पहिले पत्र गेलेले बरे, आकडे मागाहून देता येतात. तोंडी ‘बघू’ला पोच नसते. अंतिम देयकासोबत ‘कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असे छापील हमीपत्र पुढे येते. सही करायचीच तर वेतनफरकाच्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख टाकून ‘ही मागणी वगळून’ असे हाताने लिहा आणि त्याची झेरॉक्स तिथल्या तिथे घ्या.